आवडाबाईचं अंजीर

औरंगपुरा, औरंगाबाद
३ फेब्रुवारी १९५२

तीर्थस्वरूप तात्यासाहेब,

आपल्या पायांशी नमस्कार ठेवून पहिल्यांदाच आपल्याला पत्र लिहीत आहे. माझी शाळा पाचवीपर्यंत झाली, तीही उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर मी मराठी अक्षर घरी बसून घटवले. म्हणून लिहायला वेळ लागतो आणि प्रत्येक ओळ दोनदा तपासतो. तरी काही चुकले तर मोठ्या मनाने वाचावे.

मी आणि माय खुशाल आहोत. शहागंजात रामकिसन शेठच्या कापडदुकानात माझे काम ठीक चालू आहे. द्वारका संक्रांतीसाठी दौलताबादला आली त्याला आज एकवीस दिवस झाले. तिला राहायचे तितके दिवस तिने राहावे, आमची काही तक्रार नाही. फक्त कधी येणार हे कळले असते तर बरे झाले असते.

लिहिण्याचे कारण वेगळे आहे. दिवाळीनंतर आपल्या विहिरीजवळच्या अंजिराच्या तीन काड्या द्वारकेने आणून आमच्या परसात लावल्या होत्या. तिन्ही वाळल्या. आपल्या घरची रीत तिने मला लग्नानंतर आठ दिवसांतच सांगितली होती. मुलगी सासरी आईच्या अंजिराची काडी नेते, आणि तिला पहिले फळ आले की सासरी कोणी चाखण्याआधी ते टोपलीत भरून माहेरी पाठवते. तिच्या आईने, कै. आवडाबाईंनी, ही काडी आपल्या माहेरहून आणली होती आणि त्यांच्या आईने त्यांच्या माहेरहून. एवढे जुने अंजीर आमच्याकडे येऊन वाळले याचे फार वाईट वाटते. आमची माती चुनखडीची आहे, शिवाय वाळवी आहे. कारण तेच असावे.

आणखी एक काडी मिळाली तर मी जातीने लावीन. अंजिराच्या टोपल्या घेऊन सांडू गाडीवान शहागंजात येतोच. त्याच्या हाती द्यावी.

आपला
बद्रीनाथ


१९ फेब्रुवारी १९५२

तीर्थस्वरूप तात्यासाहेब,

आपले कार्ड मिळाले. आपण लिहिले आहे की चुनखडी अंजिराला बाधत नाही, आपली जमीनही तशीच आहे. आणि झाडावर फळ असताना आपण फांदी कापत नाही. ते मान्य आहे. काड्या कशा वाळल्या ते नीट लिहा, असे आपण म्हणता. शेवटी ‘द्वारका म्हणते, त्यांनाच विचारा’ अशी ओळ आहे. ती ओळ मी बऱ्याच वेळा वाचली.

तर नीट लिहितो. काड्या वीतभर लांब, करंगळीएवढ्या जाड, प्रत्येकीला चार डोळे. दोन डोळे मातीत, दोन वर. एकमेकींपासून हातभर अंतर. पाणी रोज सकाळी एक तांब्या. पहिल्या काडीच्या बुडाला नवव्या दिवशी ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी फुगवटी आली होती. सतराव्या दिवशी तिथेच दोन बारीक कोंब दिसले, पण पंचविसाव्या दिवशी ते काळे पडले. दुसऱ्या काडीचे बूड बाराव्या दिवसापर्यंत हिरवे होते. तिसरीला तर सुतासारखी तीन मुळे फुटली होती, एक अर्ध्या बोटाएवढे. तीही पुढे वाळली. माझ्याकडून देखरेखीत कसूर झाली नाही.

सांडू काल दुकानात पाणी प्यायला आला होता. तो म्हणाला, आपण माझे पहिले पत्र ओट्यावर बसून मोठ्याने वाचले आणि द्वारका आत दाणे पाखडत होती. मी विचारले, ती काही म्हणाली का? तो म्हणाला, “म्हणली नाय काई. पर सूप थांबलं व्हतं.”

आपला
बद्रीनाथ


२ मार्च १९५२

तीर्थस्वरूप तात्यासाहेब,

आपल्या कार्डावर या वेळी एकच प्रश्न होता. जमिनीतले बूड नवव्या दिवशी तुम्हाला कसे दिसले?

हे कार्ड चार दिवस माझ्या खिशात आहे. रामकिसन शेठनी दोनदा विचारले की घरी काही दुखणे-बाणे आहे का. आज सुटी आहे, माय देवळात गेली आहे. खरे ते लिहितो.

मी काड्या उपटून बघत होतो. पहिली आठवड्यातून एकदा आणि दुसरी दर चार दिवसांनी. तिसरी जवळजवळ रोज, कारण तिला मुळे दिसली होती आणि ती वाढतात की नाही हे कळल्याशिवाय मला चैन पडत नव्हती. द्वारका भाकरी टाकायला बसली की मी परसात जायचो, काडी हलकेच काढायचो, माती पुसून बघायचो आणि परत तशीच खोचायचो. मला वाटायचे, एवढ्या हलक्या हाताने काढली तर काडीला काय कळणार आहे. तात्यासाहेब, मी कापडही एकदा मोजून फाडत नाही. तीन वेळा गज लावतो. गिऱ्हाईक हसते. तो स्वभाव आहे, पण इथे स्वभावाने घात केला.

याहून वाईट पुढे आहे. पहिली काडी वाळली तेव्हा माय म्हणाली की सुनेच्या हाताला माती लागत नाही. दुसरी वाळल्यावर तेच तिने गल्लीतल्या नळावर सगळ्या बायकांत म्हटले. बायका त्यावरून आणखीही काही बोलल्या असतील. लग्नाला सहा-सात महिने झालेल्या मुलीबद्दल काय बोलतात ते आपल्याला ठाऊक आहे. द्वारका घागर घेऊन घरी आली आणि हात धूत बसली. बराच वेळ धूत होती. मी तिथेच उभा होतो. काड्या का वाळल्या ते मला माहीत होते. मी बोललो नाही.

संक्रांतीच्या आदल्या सकाळी तिने मला परसात पाहिले. तिसरी काडी माझ्या हातात होती आणि मी धोतराच्या सोग्याने मुळे पुसत होतो. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, “म्हंजी माझा हात वाईट नव्हता. आन तुमाला ठावं व्हतं.”

मग तिने माझ्या हातातून काडी घेतली, खड्ड्यात ठेवली, माती दाबली. दुपारी सांडूच्या गाडीत बसली.

तिने आपल्याला हे सांगितले नाही, मला सांगायला ठेवले. आता सांगितले आहे. काडी पाठवू नका. तिने परत यावे असे मला वाटते, पण ते मागायला माझ्याजवळ तोंड नाही. हे पत्र मात्र मोठ्याने वाचावे.

बद्रीनाथ


११ मार्च १९५२

तीर्थस्वरूप तात्यासाहेब,

परवा रविवारी सांडू आला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली काडी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, “घ्या. तुमच्यापायी लई रामायण झालं तिकडं.”

त्याने सगळे सांगितले. आपण माझे पत्र मोठ्याने वाचून संपवले. दुसऱ्या दिवशी आपण मोटेवर असताना द्वारकेने कोयता घेऊन आवडाबाईंच्या झाडाची भरली फांदी कापली. तिच्यावर बोराएवढी नऊ अंजिरे होती, ती तिने एकेक करून खुडून टाकली. आपण दिवसभर तिच्याशी बोलला नाहीत. संध्याकाळी मात्र आपणच काडीच्या टोकाला शेण लावून ती गोणपाटात बांधली. नऊ ठिकाणी देठांचे वण आहेत. मी मोजले. मोजायला उपटावे लागत नाही, म्हणून मोजले.

त्याआधी एक काम उरले होते ते शनिवारी केले. आपल्याला लिहिणे सोपे होते. सकाळी मी घागर घेऊन नळावर गेलो. बायका बाजूला सरल्या, त्यांना वाटले माय आजारी आहे. पण माय तिथेच रांगेत होती. मी तिच्यासमोर आणि सगळ्यांसमोर सांगितले की काड्या द्वारकेच्या हाताने वाळल्या नाहीत. मी उपटून बघत होतो म्हणून वाळल्या, आणि ती बोलणी खात असताना मी गप्प राहिलो.

समोरच्या आशाबाई म्हणाल्या, “बद्री, तुझ्या हातची भाकर कवाच फुगायची नाय बाबा. सारखी उलटून बघशील.”

अशा हसल्या सगळ्या की एकीची घागर कलंडली. हसणे माझ्यावर आले हे बरे झाले. माय हसली नाही. घरी येऊन तिने माझ्याकडे पाठ करून पीठ मळले आणि म्हणाली, “माझ्या तोंडून खोटं वदवलंस. परक्याच्या लेकीबद्दल.”

काडी लावली ती आपण सांडूबरोबर सांगितले तशीच. उन्हाळ्याचे दिवस म्हणून वर गोणपाटाची सावली केली. बाजूला लहान मडके पुरले, त्याच्या बुडाला भोक पाडून चिंधी घातली. पाणी मडक्यात ओतायचे आणि काडीजवळ जायचेच नाही. लावून झाल्यावर माय बाहेर आली. तिने घरातले खुरपे, सांडशी आणि माझी फूटपट्टीसुद्धा उचलून नेली. मग काडीभोवती रांगोळीचे एक गोल कडे काढले, कुठेही न तुटलेले. म्हणाली, “रोज सकाळी मी काढीन. मोडलं तर मला दिसंल.”

आपण म्हणता मूळ धरायला चाळीस दिवस लागतात. मी भिंतीवर रेघा काढत नाही. मनात मोजतो.

बद्रीनाथ


६ एप्रिल १९५२

तीर्थस्वरूप तात्यासाहेब,

पान आले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे अठराव्या दिवशी, वरच्या डोळ्यातून उंदराच्या कानाएवढे पान बाहेर आले. मी दुकानात पोहोचलो तो रामकिसन शेठना आधी तेच सांगितले. ते म्हणाले, अच्छा, आणि मला मांजरपाटाचा गठ्ठा उघडायला लावला. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला एकदाच मोजून कापड फाडून दिले. नंतर लक्षात आले आणि घाम फुटला, पण माप बरोबर होते.

सांडूला मोठ्या उत्साहाने दाखवले. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, “पान आलं म्हणून नाचू नका. काडी आपल्याच अंगातलं दूध पिऊन पान काढती. खाली मूळ असंल का नाय, ते तिलाच ठावं.”

हे त्याने सांगायला नको होते. परवा पान मलूल झाले. काल त्याच्या कडा वाळल्या. आणि काल काय झाले ते मी लपवत नाही. खुरपे मायने ज्वारीच्या कणगीमागे ठेवले आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ती नळावर गेल्यावर मी ते काढले आणि रांगोळीजवळ जाऊन उभा राहिलो. मला वाटले, खाली वाळवी असेल तर आत्ताच बघितले पाहिजे, नाहीतर उशीर होईल. दर वेळी मला असेच वाटायचे. मी एक पाय कड्याच्या आत ठेवला.

तेवढ्यात मला ते वण दिसले. त्या नऊ अंजिरांचे. मी पाय मागे घेतला आणि खुरपे होते तिथे नेऊन ठेवले. पण रांगोळी एका बाजूला पुसली गेली होती. मी ती बोटाने नीट करायला बसलो, मग उठलो. पुसली ती पुसली.

माय आली. तिने पाहिले. मी म्हणालो, मी आत पाय ठेवला होता, काडीला हात लावला नाही. ती म्हणाली, “आपणहून सांगितलंस.” मग आतून रांगोळीचा डबा आणून तुटलेला भाग जोडला.

आज सकाळी पान गळून पडले. आता नुसती काडी उभी आहे, कुंपणाला खोचलेल्या काठीसारखी. आत काय आहे मला माहीत नाही. हे वाक्य लिहायला फार जड जाते, तरी लिहिले.

द्वारकेला सांगावे की काडी गेली असे मी म्हणत नाही आणि आहे असेही म्हणत नाही.

बद्रीनाथ


३० एप्रिल १९५२

तीर्थस्वरूप तात्यासाहेब,

ती सुखरूप पोहोचली हे आपल्याला सांडूने सांगितले असेलच, पण बाकीचे त्याला माहीत नाही, कारण तो दारातूनच बैल वळवून गेला.

अक्षय तृतीयेला पोरी सासरहून माहेरी जातात. आमच्या गल्लीत सकाळपासून तीच गडबड होती, आशाबाईंच्या दोन्ही लेकी आलेल्या. अशात आपली लेक माहेराहून सासरी येऊन उतरली. आशाबाई दारातून म्हणाल्या, “अगं, उलटी कशी आलीस?” द्वारका म्हणाली, “आमच्या घरात सगळं उलटून बघायची रीत हाय मावशी.” म्हणजे आपण पत्रातले ते भाकरीचेही मोठ्याने वाचलेत.

माझ्याशी ती बोलली नाही. मायला नमस्कार केला. मायने तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले, तळवे वर करून बघितले आणि डोळ्यांना लावले. माफी मागायला तिला जमत नाही, पण द्वारकेला कळले असावे, कारण तिने हात लवकर सोडवून घेतले नाहीत.

मग ती परसात गेली. मी मागे चार हातांवर उभा राहिलो. काडी तशीच होती, बोडकी. एकोणपन्नासावा दिवस. ती उकिडवी बसली, रांगोळीचे कडे चहूबाजूंनी बघितले, मडक्यात किती पाणी आहे ते बघितले. मग माझ्याकडे न बघता विचारले,

“मुळं आली का?”

मी म्हणालो, “मला माहीत नाही.”

तात्यासाहेब, मी आयुष्यात कधी एवढे खरे आणि एवढे भीत भीत बोललो नाही. तिने मान वळवली आणि माझ्याकडे बघितले. संक्रांतीनंतर पहिल्यांदा. मग ती हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. माय आतून विचारते काय झाले, तर हिला बोलता येईना.

हसून झाल्यावर तिने हात लांब करून दोन बोटांत काडी धरली आणि जरासे, अगदी जरासे वर ओढले. काडी हलली नाही. खालून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी राहिली.

“धरलंय,” ती म्हणाली. “लई घट धरलंय. या, बघा वढून.”

मी हात पाठीमागे बांधले. नको म्हणालो.

“आता बघा म्हणलं तर बघंना हा माणूस,” ती मायला ओरडून म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.

आज सकाळी खालच्या डोळ्याला हिरवे टोक आले आहे. ते तिने आधी पाहिले आणि मला बोलावले.

आपला
बद्रीनाथ


४ एप्रिल १९५४

तीर्थस्वरूप तात्यासाहेब,

सांडूबरोबर टोपली पाठवत आहे. आत अकरा अंजिरे आहेत, आवडाबाईंच्या अंजिराचे आमच्या परसातले पहिले फळ. आपण खूप वर्षे टोपल्या औरंगाबादेला पाठवल्या. ही पहिली टोपली उलट्या वाटेने येत आहे. सांडू म्हणतो की अंजिरे भरून दौलताबादला गाडी हाकताना त्याला स्वतःच येडा झाल्यासारखे वाटते.

झाड आता माझ्या खांद्याच्या वर गेले आहे. दसऱ्यानंतर पाणी तोडायचे, पाने झडू द्यायची, मग छाटणी करून शेणखत घालायचे, हे सगळे द्वारकेने केले. छाटणीच्या वेळी झाड बोडके झाले तेव्हा मला दोन दिवस जेवण गेले नाही, पण मी झाडाजवळ गेलो नाही. नवा फुटवा यावा म्हणून कोयतीने डोळ्याच्या वर खाच पाडायचे काम मात्र तिने मला दिले. म्हणाली, मापाचे काम तुमचे. एकसारख्या अठरा खाचा पाडल्या. त्यातल्या पंधरा फुटल्या.

फळे उजाडताच तोडली. मान वाकलेली तेवढीच घेतली, ताठ देठाची राहू दिली. चिकाने हात चरचरू नयेत म्हणून तिने माझ्या हातांना तेल लावले. खाली पाने, वर पाने, मधे एकाला दुसरे लागणार नाही अशी मांडणी केली. ती मी केली, तीन वेळा.

खरे म्हणजे फळे बारा होती. बाराव्याला बुलबुलाने चोच मारली. टोचलेले फळ माहेरी कसे पाठवायचे, आणि रीतीप्रमाणे आपल्याआधी चाखायचे तरी कसे, यावर आम्ही दोघे वाद घालत होतो. तेवढ्यात मायने ते उचलून तोंडात टाकले. म्हणाली, पाखराचं उष्टं कुणाच्याच रीतीत येत नाय. कसे लागले ते सांगत नाही. आम्ही विचारले तर डोळे मिटून बसते.

आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल. गेल्या छाटणीच्या काड्या गल्लीत पाच घरी गेल्या. बायका काडी नेतात, पण लावायला द्वारकेला बोलावतात. मायच नळावर सांगते की आमच्या सुनेने लावलेली काडी वाळत नाही. त्या पाच घरी जाताना द्वारका मला बरोबर नेत नाही.

तिच्या वतीने एक ओळ लिहितो, तिने सांगितली तशी: “तात्या, पैलं फळ आईच्या झाडाखाली बसून खा.”

अंजिरे गोड निघाली का, तेवढे कळवावे. घाई अजिबात नाही. आपल्याला सवड होईल तेव्हा लिहावे.

सांडू उद्या पहाटे तिकडून निघतो. मी दुकान उघडायच्या आधी नाक्यावर उभा असेन.

आपला
बद्रीनाथ